शिफ्का किती वाजता आली

१

शिफ्का सगळ्यांत शेवटी हाताला आली, आणि आली तेव्हा तिच्या पायात शर्यतीचं रबरी कडं तसंच होतं.

एवाल्ड कोत्सुर जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांची मुलगी अडेला व्रोत्स्वाफच्या ग्रंथालयातून रजा काढून मातीला आली, ती अजून परतली नव्हती. घराला कुलूप लावून निघून जाता येतं, ढाबळीला लावता येत नाही. आत जिवंत कबुतरं होती. त्यांना दाणे लागत, पाणी लागे, आणि आपला माणूस कुठे गेला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कोत्सुर म्हणजे बोका. बोक्याच्या घरी कबुतरं, हा विनोद खाणकामगारांच्या त्या लाल विटांच्या वस्तीत चाळीस वर्षं चालला होता, आणि बाबा दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

बाबा संध्याकाळी सहाला दाणे टाकायचे, म्हणून अडेलाही सहाला टाकायची. कबुतरं तिच्याकडे नुसती बघत राहायची. तासाभराने मात्र एकदम गलका करून दाण्यांवर तुटून पडायची. परक्या हाताला सरावायला वेळ लागतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

शिफ्का तर जवळसुद्धा फिरकत नव्हती. राखाडी रंगाची, लहान चणीची ती मादी कुणाच्या हातावर कधी आली नाही. ती उतरायची फक्त बाबांच्या डाव्या खांद्यावर, आणि उतरली की त्यांच्या कानाची पाळी कुरतडायची. त्या गुरुवारी संध्याकाळी अडेला बाबांच्या बाकावर बाबांचाच जुना कोट घालून बसली होती. पंखांचा आवाज झाला आणि खांद्यावर वजन आलं. वजन म्हणजे तरी किती, मोठ्या सफरचंदाएवढं. अडेला श्वास रोखून बसली. मग तिने हळूच हात वर नेला, आणि बोटांना रबर लागलं.

लहानपणापासून पाहिलेली गोष्ट होती ती. शर्यतीला पाठवताना पक्ष्याच्या पायात नंबराचं रबरी कडं चढवतात. पक्षी घरी परतला की मालक ते काढून एका मोहोरबंद पेटीत टाकतो, मूठ फिरवतो, आणि पेटी वेळ छापते. कडं पेटीत पडत नाही तोवर पक्षी आलाच नाही असं धरतात. उशिरा, दमून, दुसऱ्या दिवशी आलेल्या पक्ष्याचंही कडं टाकतात. तापाने फणफणलेले बाबाही त्यासाठी उठून बसायचे.

शिफ्का शेवटची उडाली होती ती बाबा गेले त्या रविवारी. हॅनोव्हरहून.

अडेलाने कडं काढून मुठीत घेतलं. सहज तिची नजर वर गेली. ढाबळीच्या भिंतीवर खाणीतल्या दिवेखोलीतून आलेलं मोठं गोल घड्याळ होतं. माणूस गेला की घरातलं घड्याळ थांबवतात, तसं तेही त्या दिवशी थांबवलेलं होतं, आणि पुन्हा सुरू करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तीन आठवडे ती त्याच्याखाली बसत होती. काटे कुठे थांबलेत हे तिने आज पाहिलं.

सव्वाचार.

मृत्यूचा दाखला तिने स्वतः नेऊन दिला होता. त्यावर डॉक्टरांनी सव्वापाच लिहिलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी तेओफिल गाव्लिक आला. हातात फडक्याखाली खसखशीचा केक. बायकोने, मातिल्दाने पाठवलेला.

तेओफिल बाबांचा जिवलग. दोघं तीस वर्षं लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाली खाणीत उतरले आणि एकाच पिंजऱ्यातून वर आले. अडेलाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारा धर्मपिता, तिचा तेओकाका, तोच. त्या दिवशी बाबांजवळ पहिला पोचला तोही तोच. दवाखान्याची गाडी त्याने बोलावली, घड्याळ त्याने थांबवलं, प्रेतयात्रेत पुढचा खांदाही त्याने दिला. तो आला की अडेलाला अजूनही वाटायचं, घरात कोणीतरी मोठं आहे.

त्याने आल्या आल्या ढाबळीत डोकावून पाण्याची भांडी तपासली आणि जीभ चुकचुकली.

“बोक्याची पोरगी,” तो म्हणाला, “पुस्तकांना पाणी लागत नाही, यांना लागतं.”

अडेला हसली. तीन आठवड्यांत तिला हसवणारा तो एकटाच होता. ठरलं होतं ते असं की रविवारची शर्यत आटोपली की संध्याकाळी त्याने सगळी कबुतरं आपल्याकडे न्यावीत, आणि सोमवारी अडेलाने व्रोत्स्वाफची गाडी धरावी. बाबांना दुसरं कुणाकडे दिलेलं आवडलं नसतं.

तिने त्याला कडं दाखवलं. त्याने ते हातात घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. शिफ्का सोमवारी पहाटे आली, तो म्हणाला, पार दमून. बाकीच्या तिघांची कडी काढून त्याने मंडळात नेऊन दिली, पण ही बया हाताला येईना. तशात घरात प्रेत. कोण मागे धावणार?

खरंच होतं. मग तिने घड्याळाचं विचारलं.

“जुनं झालं होतं गं,” तो म्हणाला. “मागे पडायचं. एवाल्डसारखंच.”

जाताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि आजवर अनेकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. साडेतीनला तो डोकावला होता, दोघांनी चहा घेतला, एवाल्ड ठणठणीत होता. मग पक्षी यायची वेळ झाली म्हणून तो घरी गेला. पाचला दहा कमी असताना त्याचा नर उतरला. त्याचं कडं टाकून तो एवाल्डकडे पळत आला, तर एवाल्ड नुकताच कोसळलेला. डॉक्टर आले तेव्हा थोडी नाडी होती, मग तीही गेली.

“फार सोसावं नाही लागलं त्याला. माझा तो करंडक मी त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवणार आहे, बघ.”

त्या शर्यतीत तेओफिलचा नर सगळ्या जिल्ह्यात पहिला आला होता. जिल्ह्याचं अजिंक्यपद. बाबांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली ते.

तो गेल्यावर अडेलाने केकचा तुकडा तोंडात टाकला आणि तिच्या मनात आलं, नेमकं तासभर मागे पडणारं घड्याळ कसं असेल? घड्याळ दिवसाकाठी दोन मिनिटं मागे पडतं, पाच पडतं. दाखल्यातली वेळ आणि या काट्यांची वेळ यांत बरोबर एक तास होता. ना मिनिट कमी, ना जास्त.

३

कबूतर मंडळाची खोली दारूच्या गुत्त्यामागे होती. चिटणीस ब्रूनो नकाशा आणि जाड चष्मा घेऊन बसलेला असे. एके काळी तो बाबांचा प्रतिस्पर्धी होता, आणि त्या शर्यतीत दुसरा यायच्या बेतात असताना सातवा आला होता. अडेलाला आठवत होतं, अंत्यविधीला त्याने नीट डोळ्याला डोळा दिला नव्हता.

कडं पाहून ब्रूनोने मान हलवली. पेटीत न पडलेल्या कड्याला वेळ नाही, आणि वेळ नाही तर काही नाही. तरी त्याने कडं प्रेमाने कागदात गुंडाळून तिला परत दिलं.

हॅनोव्हर ते इथलं अंतर तिने विचारलं. हा प्रश्न ब्रूनोला आवडला. अंतर गावाचं नसतं, तो म्हणाला, ढाबळीचं असतं. प्रत्येकाची ढाबळ सोडण्याच्या जागेपासून वेगळी मोजलेली असते. एवाल्डची सहाशे शहात्तर किलोमीटर. तेओफिलची जवळजवळ तेवढीच, एकाच वस्तीतले ते. अंतर भागिले वेळ, जो वेगात पुढे तो पहिला.

“त्या दिवशी सकाळी सहाला सोडले. वारा समोरून, पूर्वेचा. डोकं खाली घालून रेटत आले बिचारे. तेओफिलचा नर तासाला बासष्ट किलोमीटरने आला. एवढ्या वाऱ्यात त्याच्यावर कोणी जाईल असं मला नव्हतं वाटलं.”

“आणि एखादा साडेतीनला आला असता तर?” अडेलाने विचारलं. का विचारलं, तिलाही ठाऊक नव्हतं. ती एकच वेळ तिच्या डोक्यात घोळत होती.

ब्रूनोने बोटांवर हिशेब केला आणि हसला. “एकाहत्तर. उलट्या वाऱ्यात? तसलं कबूतर अजून अंड्यातून बाहेर नाही आलं. असं बघ, त्या दिवशी जिल्ह्यात चारच्या आत कुणाकडे पीससुद्धा पडलं नव्हतं.”

मग खाली बघत तो म्हणाला की तिला एक सांगायचं आहे, ते पोटात ठेवून चर्चमध्ये बसवत नाही. पाचला गाडी भोंगा वाजवत वस्तीत शिरली तेव्हा त्याची मादी उतरायच्या बेतात होती. ती भडकून जी वर गेली ती अर्धा तास खाली येईना. त्याने गाडीला शिव्या घातल्या. आत कोण आहे माहीत नव्हतं.

“मी एकटा नव्हतो,” तो म्हणाला. “सगळ्या अंगणांतून शिव्या पडत होत्या. तेवढा तेओफिल सुटला. त्याचा नर आधीच आत गेला होता. नशीब लागतं.”

अडेलाने कागदाची पुडी खिशात टाकली. शर्यतीचा रविवार म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. त्या दिवशी वस्तीत कोणी सतरंजी झटकत नाही, दोरीवर धुणं घालत नाही, पोरांना आत घेतात, मोटारी कोपऱ्यावर थांबवतात. पक्षी बिचकला तर छपरावर बसून राहतो, आणि मिनिटामिनिटाला वर्षाची मेहनत वाया जाते. लहानपणी ती अशा रविवारी गुडघा फोडून घेऊन, ओठ चावत, आवाज न करता रडली होती.

दारात ती थांबली. ढाबळीवरचं घड्याळ मागे पडायचं का, असं तिने विचारलं.

“एवाल्डचं?” ब्रूनोने चष्मा काढला. “वेडी की काय. त्या घड्याळाच्या मिनिटकाट्यावर आम्ही आमच्या पेट्या तपासायचो. मिनिटाचाही फरक नाही पडायचा.”

मग तेओकाका खोटं का बोलले?

४

तिसऱ्या मजल्यावरच्या हिल्दाकाकूंचं आणि बाबांचं वाकडं होतं. कारण धुतलेल्या चादरींवर कबुतरं काय टाकतात ते. आठ वर्षांत त्या बाबांशी बोलल्या असतील तर “तुमची ती पाखरं” एवढंच. शेवटच्या दिवशी अंगणात घडलेलं कोणी वरून पाहिलं असेल तर ते त्यांनीच, असं वाटून अडेला शनिवारी जिना चढली.

हिल्दाकाकू बटाट्याचे गोळे वळत होत्या, प्रत्येकाला अंगठ्याने खळगा पाडत होत्या. अडेलाने खाल्ल्याशिवाय त्या तिला सोडणार नव्हत्या. भांडण एवाल्डशी होतं, त्याच्या लेकीशी नव्हतं, आणि आता तर भांडायलाही कोणी उरलं नाही, असं म्हणून त्यांनी मनगटाने डोळे पुसले. मग डोळ्यांचीच गोष्ट निघाली. जूनच्या शेवटी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या रविवारी सकाळीच पट्टी काढली होती.

“आठ वर्षांनी खिडकीतून काही धड दिसलं, पोरी. सतरंजी झटकायला गेले, मग आठवलं शर्यत आहे, झटकली तर वस्ती मला खाईल. म्हणून नुसती उभी राहिले. काय दिसलं सांगू? तुझे बाबा बाकावर, पाय पसरून. शेजारी तेओफिल उभा. आणि वरून एक राखाडी कबूतर आलं ते सरळ तुझ्या बाबांच्या खांद्यावर बसलं. कानाशी काही बोलत होतं जसं. आणि ते हलले नाहीत, गं. एवढे शांत. मी म्हटलं, हिल्दे, या माणसाशी तू आठ वर्षं भांडलीस. चित्रासारखं होतं.”

अडेलाच्या हातातला काटा ताटलीवर टेकला.

“किती वाजता, काकू?”

“तेच तर,” हिल्दाकाकू अभिमानाने म्हणाल्या. “एवढ्या वरून घड्याळ वाचता येतं का बघावं म्हटलं, आणि वाचलं. साडेतीन. जेवणाच्या वेळी मीच नाही का सांगितलं सगळ्यांना, मातीवरून आल्यावर?”

त्यांना वाटलं होतं, ही गोष्ट ऐकून लेकीला बरं वाटेल. अडेलाने त्यांचा पिठाचा हात हातात घेऊन बरं वाटल्याचं सांगितलं.

जिन्यावर ती भिंतीला टेकून उभी राहिली. खांद्यावर उतरणारी, कान कुरतडणारी राखाडी मादी जगात एकच होती. म्हणजे शिफ्का सोमवारी पहाटे आली नव्हती. रविवारीच आली होती, तेओकाकांच्या डोळ्यांदेखत. पण साडेतीनला ती येणं शक्य नव्हतं. सहाशे शहात्तर किलोमीटर आणि समोरून वारा. एकाहत्तरचा वेग. तसलं कबूतर अजून अंड्यातून बाहेर आलेलं नाही.

हिल्दाकाकूंचा डोळा खरा असेल तर वारा खोटा होता.

५

संध्याकाळी सहाला ती दाण्यांचा डबा घेऊन अंगणात गेली. कबुतरं फळ्यांवर बसून तिच्याकडे बघत राहिली. कोणाला घाई नव्हती. तिने डबा खाली ठेवला आणि बाकावर बसली. आज तिने दाणे टाकले नाहीत. नुसती थांबली.

चर्चच्या घंटेने सात वाजवले. त्याच्या जरा आधीच ढाबळ जागी झाली होती. पंख फडफडले, घुमणं सुरू झालं, सगळी खालच्या फळीवर दाटीवाटीने उभी राहिली, आणि शिफ्का तिच्या खांद्यावर येऊन कान कुरतडू लागली.

हा परक्या हाताचा प्रश्न नव्हता. कबुतरांना सहा आत्ता वाजले होते.

आणि मग तिला बाबांचा आवाज आठवला, दर मार्चमध्ये ऐकलेला. सगळा देश हुकमानुसार घड्याळं तासभर पुढे करायचा, आणि बाबा ढाबळीच्या घड्याळाला हात लावू द्यायचे नाहीत. सूर्याला कोणी हुकूम पाठवला आहे का, असं विचारायचे. पाखरांनी एक तास आधी भूक कुठून आणायची? मनगटावर गावाची वेळ, भिंतीवर पाखरांची. वस्तीत आणखी एक-दोन म्हातारे तसं करायचे, ते गेले. तेओकाका तर बाबांना ‘उन्हाळ्यातला एकटा हिवाळा’ म्हणून चिडवायचे. व्रोत्स्वाफला राहून ती विसरली. तेओकाका विसरणं शक्य नव्हतं.

घड्याळ मागे पडत नव्हतं. ते जुलैतही हिवाळ्याची वेळ दाखवत होतं. म्हणून सव्वापाचला थांबवलेले काटे सव्वाचारवर उभे होते. आणि म्हणून, ज्या बाईला त्याच दिवशी दृष्टी आली होती तिने वाचलेले साडेतीन गावाच्या वेळेने साडेचार होते.

सहा ते साडेचार. साडेदहा तास. तिने कागदही घेतला नाही. चौसष्टच्या वर वेग. उलट्या वाऱ्यातही शक्य असलेला, आणि तेओफिलच्या नराच्या बासष्टहून जास्त.

शिफ्का पहिली आली होती. सगळ्या जिल्ह्यात.

आणि बाबा उठले नव्हते. ज्या पक्ष्यासाठी आयुष्यभर आभाळाकडे बघत बसले तो खांद्यावर उतरला, कानाशी लागला, पेटी हाताच्या अंतरावर होती, आणि ते बाकावरून हलले नव्हते. झोप लागली असती तर शेजारी उभ्या असलेल्या जुन्या दोस्ताने कॉलर धरून उठवलं असतं. त्याने उठवलं नाही, कारण ती झोप नव्हती हे त्याला दिसत होतं. चहा झालाच नव्हता. आणि गाडी बोलावली गेली ती पाच वाजता.

अडेलाला मातीनंतरचं जेवण आठवलं. हिल्दाकाकूंनी टेबलाच्या टोकाकडून ते चित्र सांगायला सुरुवात केली होती, पण जेमतेम “साडेतीनला तुम्ही दोघं अंगणात” एवढं बोलून झालं होतं. सूपचा चमचा तेओकाकांच्या तोंडापाशी थांबला होता. क्षणभरच. मग ते मोठ्याने म्हणाले होते, “हो, हो, साडेतीनलाच. चहा घेतला आम्ही.” आणि लगेच उठून सगळ्यांच्या पेल्यांत ओतू लागले होते, त्यामुळे पुढचं कोणी ऐकलं नाही. त्या आधी त्यांनी साडेतीनचं कधी काढलंच नव्हतं. बाईची चूक त्यांनी तिथल्या तिथे ओळखली होती, आणि उचलून खिशात टाकली होती.

हे सगळं तिने एका बाकावर बसून जुळवलं, आणि जुळल्यावर तिला पहिली इच्छा झाली ती तेओकाकांकडे पळत जाण्याची. घरात काही भयंकर घडलं की ती लहानपणापासून तिकडेच पळायची.

६

रविवारची शर्यत जवळची होती, मॅग्डेबुर्गहून. दुपारपासून वस्ती गप्प झाली होती. दोऱ्या रिकाम्या, खिडक्या लोटलेल्या, अंगणाअंगणांत म्हातारे माना वर करून बसलेले.

तेओफिल आपल्या ढाबळीसमोर स्टुलावर होता, पेटी पायाशी. अडेला फाटकातून आत येताना त्याने ओठांवर बोट ठेवलं, हसला, आणि शेजारचं स्टूल हाताने पुसलं. ते बाबांचं स्टूल.

ती बसली. कागदाची पुडी उलगडून तिने कडं पेटीवर ठेवलं.

“हळू बोल हं, पोरी,” तो कुजबुजला. “आत्ता येतील.”

“हळूच बोलते. तुम्ही साडेतीनला आला नव्हतात, काका. साडेचारला आलात.”

त्याने आभाळावरची नजर काढली नाही. “हिल्दाने पाहिलंय ना आम्हाला.”

“त्यांनी बाबांचं घड्याळ पाहिलं. उन्हाळ्यातला एकटा हिवाळा.”

शेजारच्या अंगणात कोणीतरी खोकला दाबला. अडेलाने बाकीचं एकेक करून सांगितलं, कबुतरं सातला का जेवतात तिथपासून खांद्यावरच्या शिफ्कापर्यंत, आणि तिचा आवाज एकदाही चढला नाही. ज्या शांततेत ती वाढली होती ती तिला अजून मोडता येत नव्हती.

“मला वाटलं तो गेला,” तेओफिल शेवटी म्हणाला.

“हात लावून पाहिलात?”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बोट हलवलं त्याने. शिफ्काकडे. आणि मग पेटीकडे. कडं काढ म्हणत होता मला.”

अडेलाला जे ठाऊक नव्हतं ते एवढंच होतं, आणि ते विचारायला आपण यायला नको होतं असं तिला वाटलं. बाबा जिवंत होते. बाबांनी शेजारी कोण उभा आहे ते पाहिलं होतं, आणि त्यांना बरं वाटलं असणार.

“पाच मिनिटं म्हटलं,” तेओफिल कुजबुजत होता. “त्याची आली म्हणजे माझा मागोमाग असणार. भोंगा वाजवत गाडी आली असती तर तो उतरलाच नसता. वीस वर्षं, अडेला. वीस वर्षं मंडळात मी त्याच्या मागे दुसरा. पाचच मिनिटं थांबणार होतो. पाचाची वीस कधी झाली...”

“खाणीत कुणाला असं सोडून वर आला असतात?”

“नाही,” तो लगेच म्हणाला. आणि पुन्हा, स्वतःलाच सांगितल्यासारखं, “नाही. खाली नाही.”

“मग वर का?”

त्याने तिच्याकडे तोंड वळवलं. डोळे भरले होते, ओठ हलत होते. चाळीस वर्षांचं काहीतरी तो आता बोलणार होता, आणि अडेला ते ऐकायला तयार होती. तिला ऐकायचंच होतं. काहीही असो, त्याने ते सांगावं, आणि त्यातून तिचा काका थोडासा तरी परत मिळावा.

तेवढ्यात छपरावर सावली पडली. पंख मिटल्याचा आवाज झाला आणि निळसर नर फळीवर उतरला.

तेओफिल उभा होता. केव्हा उठला ते त्यालाही कळलं नसावं. टोपी खाली पडली होती, हात पुढे झाला होता, आणि तोंडातून ती हलकी, लाडिक टिचटिच निघत होती, ज्याने पक्ष्याला आत बोलावतात. दोन पावलं तो गेला. मग थबकला. पाठमोराच उभा राहिला, हात तसाच पुढे, आणि मागे वळून बघण्याचं त्याला धाडस झालं नाही.

अडेला उठली. कडं तिने पेटीवर तसंच ठेवलं. फाटकाची कडी तिने हळूच लावली. पक्षी बिचकू नये म्हणून. त्याचा काही दोष नव्हता.

सोमवारची गाडी तिने धरली नाही. त्याच रविवारी संध्याकाळी तिने बाकावर चढून घड्याळाला चावी दिली. गावात सात वाजत आले होते. तिने काटे बरोबर सहावर आणले, दाण्यांचा डबा उघडला, आणि कबुतरं एकदम खाली उतरली.